‘नाव’ची होडी होते तेव्हा: भाषांतराचे ॲप मराठीत वारंवार चुकत असेल तर दोष कुठे शोधावा

माझे माहेर सांगली जिल्ह्यातले आणि गेली बरीच वर्षे वास्तव्य बंगळुरूत, त्यामुळे आमच्याकडे उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या फोनमधले भाषांतराचे ॲप लावून देण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले आहे. आईला भाजीवालीशी, सासूबाईंना दवाखान्यातल्या नर्सबाईंशी, आत्याला रिक्षावाल्याशी कन्नडमधून बोलायचे असते, आणि दोन दिवसांत प्रत्येकीची तक्रार एकाच वाक्यात माझ्यापुढे येते: “हे काहीतरी भलतेच सांगते.” ही तक्रार मी इतक्या वेळा तपासली आहे की आता मी आधी भाषांतराकडे पाहतच नाही. भाषांतर करणारा भाग क्वचितच मूळ गुन्हेगार निघतो. बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत पोचलेले मराठीच आपण बोललो किंवा दाखवले त्यापेक्षा वेगळे असते, आणि मग त्या चुकीच्या मराठीचे तो अगदी इमाने इतबारे भाषांतर करतो.

म्हणून पहिली तपासणी अशी की फोनच्या पडद्यावर दोन रकाने असतात, त्यांतला आपल्या भाषेचा रकाना आधी वाचावा. आपण बोललेले वाक्य फोनने कसे ऐकले, किंवा कॅमेऱ्याने कागदावरचे काय वाचले, ते तिथे लिहिलेले असते. बहुतेक माणसे तो रकाना सोडून ज्या भाषेचे एक अक्षरही त्यांना येत नाही त्या रकान्याकडे टक लावून पाहतात. मूळ रकान्यातले मराठी चुकलेले असेल तर पुढचे काहीही तपासण्यात अर्थ नाही. ते अक्षरशः बरोबर असेल तरच दोष भाषांतरात आहे असे म्हणावे. एवढ्या एका सवयीने माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी निम्म्यावर आल्या.

मराठी की हिंदी?

एका नातेवाइकाने गावाकडून आलेल्या मराठी अर्जाचा फोटो काढून तो इथल्या कारकुनाला कन्नडमध्ये दाखवला, तेव्हा पहिल्या ओळीत ‘दोणी’ म्हणजे होडी आली आणि खाली ‘एले’ म्हणजे झाडाचे पान आले. कारकून गोंधळला, पण अर्ज पाहताच कारण उघड होते. अर्जावर ‘नाव’ आणि ‘पत्ता’ असे दोन सुटे शब्द होते, ॲपने ते हिंदी समजून वाचले, आणि हिंदीत नाव म्हणजे होडी व पत्ता म्हणजे पान. भाषांतर हिंदीच्या दृष्टीने निर्दोषच होते.

मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत आणि कोकणी या सगळ्या देवनागरीत लिहिल्या जात असल्यामुळे लिपीवरून भाषा ओळखण्याची जी सोय तमिळ किंवा कन्नडला मिळते, ती आपल्याला मिळत नाही. पूर्ण वाक्य दिले तर ‘आहे’, ‘च्या’, ‘मध्ये’, ‘ळ’ अशा खुणांवरून यंत्र मराठी सहज ओळखते. पण एखाद-दुसरा शब्द दिला की त्याच्या हाती अंदाजाखेरीज काही उरत नाही, आणि अंदाज करायचा तर अधिक लिहिल्या जाणाऱ्या भाषेकडे, म्हणजे हिंदीकडे, झुकतो. दुर्दैवाने फसवणारे शब्द नेमके रोजच्या कामाचे आहेत. ‘शिक्षा’ आपल्याकडे दंड आहे आणि हिंदीत शिक्षण; ‘यंत्रणा’ आपल्याकडे व्यवस्था आहे आणि हिंदीत यातना; ‘चेष्टा’ आपल्याकडे थट्टा आहे आणि हिंदीत प्रयत्न; ‘समाधान’ हिंदीत उत्तर किंवा तोडगा होतो; ‘खाली’ हिंदीत रिकामे होते. गंमत अशी की कन्नडमध्येही ‘शिक्षे’ म्हणजे दंडच, त्यामुळे मराठीतून थेट कन्नडमध्ये हा शब्द कधी चुकू नये. तो चुकला की मध्ये हिंदी शिरली आहे हे लगेच कळते.

उपाय सोपा आहे, पण तो एकाच ठिकाणी करून भागत नाही. भाषा आपोआप ओळखण्याची सोय बंद करून मूळ भाषा म्हणून मराठी स्वतः निवडावी. मग कॅमेरा उघडून तिथेही तीच निवड आहे का ते पाहावे, आणि दोन माणसांच्या संभाषणाची सोय वापरत असाल तर तिथे तिसऱ्यांदा पाहावे, कारण अनेक ॲपमध्ये या निवडी एकमेकींशी बांधलेल्या नसतात. गोव्यातले किंवा सिंधुदुर्गातले कोकणीभाषक पूर्वी नाइलाजाने मराठी निवडत असत. मे २०२२ मध्ये गूगलच्या भाषांतर सेवेत कोकणीचा समावेश झाला, त्यामुळे ज्यांना कोकणीच बोलायची आहे त्यांनी ती जुनी निवड आता बदलावी.

दोन माइकांचा सापळा याच प्रकारातला आहे, आणि मी स्वतः त्यात बराच काळ अडकले होते. ॲपमध्ये एक माइकचे चिन्ह असते आणि कीबोर्डवर दुसरे. ॲपचा माइक ॲपमध्ये निवडलेली भाषा ऐकतो, पण कीबोर्डचा माइक कीबोर्डची भाषा ऐकतो, मग वर कितीही ठळक अक्षरांत मराठी लिहिलेले असो. आईच्या फोनचा कीबोर्ड हिंदीवर होता आणि ती दरवेळी सवयीने खालचा माइक दाबत होती. हे ओळखण्यासाठी मी आता एक ठरावीक वाक्य वापरते: “बाळाला काळी गोळी दिली.” प्रमाण हिंदीत ळ नाही, त्यामुळे ऐकणारा हिंदीवर असेल तर पडद्यावर ‘काली गोली’ उमटते, आणि मराठीवर असेल तर सगळे ळ जागच्या जागी येतात. या चाचणीला दहा सेकंदही लागत नाहीत.

‘नाही’ गळून पडते

आता सर्वांत गंभीर दोषाकडे येते, कारण यात वाक्य निरर्थक होत नाही, तर नेमके उलट्या अर्थाचे होते आणि म्हणून कुणाला शंकाही येत नाही. आईला एका दवाखान्यात मधुमेहाविषयी विचारले गेले. तिने फोनपुढे सांगितले, “मला मधुमेहाचा त्रास, तसा म्हणाल तर,” आणि आठवण्यासाठी क्षणभर थांबून पुढे म्हणाली, “नाही.” त्या क्षणभराच्या विरामात माइकने वाक्य संपल्याचे मानून ऐकणे थांबवले होते. कन्नडमध्ये गेला तो मधुमेहाचा त्रास, आणि कागदावर लिहिलाही गेला. मी शेजारी होते म्हणून ते खोडले गेले.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘चालत नाही’, ‘घेतलेले नाही’, ‘करू नका’, ‘मला नको’ या सगळ्यांत अर्थ फिरवणारा शब्द अखेरचा असतो, आणि आवाज ऐकणारे यंत्र शांततेवरून वाक्य संपल्याचे ठरवते. वयस्कर माणसे विचार करत, थांबत बोलतात, म्हणून हा दोष त्यांच्याच वाट्याला अधिक येतो. उलट दिशेलाही तोच धोका आहे, कारण कन्नडमधले ‘इल्ला’ आणि ‘बेडा’ हे नकारही वाक्याच्या शेवटीच बसतात. तेव्हा समोरच्या नर्सबाई थांबत बोलल्या तर त्यांचाही नकार आपल्यापर्यंत पोचणार नाही.

यावर सेटिंग बदलण्यापेक्षा बोलण्याची रीत बदलणे जास्त उपयोगी पडले. नकार असेल तर तो आधी स्वतंत्रपणे सांगावा आणि मग पूर्ण वाक्यात पुन्हा सांगावा: “नाही. मला मधुमेह नाही.” ‘तसा म्हणाल तर’, ‘म्हणजे कसे’, ‘काय झाले’ अशी वाक्ये लांबवणारी भर टाळावी. एका दमात एकच गोष्ट सांगावी. बोलून झाल्यावर मूळ रकान्यात ‘नाही’ दिसते का हे पाहूनच फोन समोरच्याकडे वळवावा. औषधाची ॲलर्जी, आधी झालेल्या शस्त्रक्रिया आणि चालू गोळ्या यांच्यासाठी मी आईला बोलूच देत नाही. ती वाक्ये टाइप करून, कन्नड जाणणाऱ्याकडून तपासून, कागदावर छापून तिच्या पिशवीत ठेवली आहेत.

ऐकण्यातला आणखी एक दोष ब्लूटूथ इअरफोनचा असतो. गाणी ऐकताना तो उत्तम वाजतो, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. पण माइक चालू होताच अनेक इअरफोन फोनवर बोलण्याच्या जुन्या पद्धतीवर उतरतात, आणि त्यांतल्या सर्वांत साध्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचा आवाज पोचतच नाही. स, श, फ यांतला फरक बराचसा त्याच्या वरच्या भागात असतो. तेव्हा ‘साठ’, ‘सात’, ‘आठ’ असे शब्द एकमेकांत मिसळत असतील तर आधी इअरफोन काढून फोनच्याच माइकवर बोलून पाहावे.

घरी बरोबर चालणारे ॲप बसस्थानकावर चुकते, ही तक्रारही वरचेवर येते. नेट गेले की ॲप गाजावाजा न करता फोनमध्ये उतरवून ठेवलेल्या लहान पॅकवर जाते, आणि त्याची समज ऑनलाइन सेवेपेक्षा उणी असते. भाषांतराचा पॅक आणि आवाज ओळखण्याचा पॅक वेगळे असू शकतात, म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी फोन विमान मोडवर टाकून घरीच दोन वाक्ये बोलून पाहणे बरे.

मूळ मराठी बरोबर, तरीही अर्थ चुकतो

इथून पुढे दोष खरोखर भाषांतराचा असतो. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद आहे. कन्नडमध्ये तो ‘नीनु’ आणि ‘नीवु’ असा आहे. तरी आत्याने ‘तुम्ही’ म्हटल्यावर फोनने वृद्ध शेजाऱ्याला ‘नीनु’ म्हणून हाक मारली. अनेक सेवा दोन भारतीय भाषांच्या मध्ये इंग्रजीचा पूल वापरत आल्या आहेत, आणि इंग्रजीत हा भेद नसल्यामुळे तो पुलावरच पडतो. तोच प्रकार ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचा, आणि काका, मामा, आत्या, मावशी या नात्यांचा. तुमचे ॲप या पुलावरून जाते का हे पाहायचे असेल तर “मी काल बाजारात गेले” हे वाक्य हिंदीत करून पाहा. हिंदीत ‘गई’ व्हायला हवे तिथे ‘गया’ आले तर बोलणारी बाई आहे ही माहिती वाटेत हरवली असे समजावे. गूगलने एप्रिल २०१७ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांना नव्या चेताजाल (न्यूरल नेटवर्क) पद्धतीचे भाषांतर दिले तेव्हा वाक्यरचना पुष्कळ सुधारली, पण जो भेद मधल्या भाषेत मावत नाही तो कोणत्याही पद्धतीने परत आणता येत नाही. मद्रास आयआयटीतल्या ‘एआय फॉर भारत’ या गटाने २०२३ मध्ये २२ अनुसूचित भाषांसाठी खुले केलेले ‘इंडिकट्रान्स २’ हे मॉडेल भारतीय भाषांमध्ये थेट भाषांतराचीही सोय देते, आणि जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या भाषांतर सेवेचा रोख भारतीय भाषांवरच आहे; तेव्हा एका ॲपमध्ये मान राखला जात नसेल तर तेच वाक्य दुसरीकडे घालून पाहण्यात काही बिघडत नाही.

‘परवा’ हा शब्द मात्र मी आमच्या घरातून फोनपुरता हद्दपार केला आहे. मराठीत तो मागचा दिवसही असतो आणि पुढचाही. कन्नडमध्ये मागच्यासाठी ‘मोन्ने’ आणि पुढच्यासाठी ‘नाडिद्दु’ असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे यंत्राला एक बाजू घ्यावीच लागते. क्रियापद असेल तर ते बहुधा बरोबर बाजू घेते, पण “परवा, अकरा वाजता” एवढेच म्हटले तर निवड नशिबावर. त्याऐवजी तारीख सांगावी. दीड, अडीच, सव्वा, पावणेदोन यांचेही तेच. विशेषतः औषधाच्या मात्रेत ‘दीड गोळी’ न म्हणता “एक पूर्ण गोळी आणि एक अर्धी गोळी” म्हणावे.

कागद, पीडीएफ आणि जुने फाँट

बोलण्यापेक्षा लिखित मजकुराचा दोष शोधणे सोपे असते, कारण तो डोळ्यांना दिसतो. जुनी मराठी फाइल उघडली तर स्वच्छ देवनागरी दिसते, पण तीच कॉपी करून भाषांतराच्या रकान्यात चिकटवली की रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी होते. याचे कारण असे की शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या घराण्यांतल्या फाँटांमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असतात, त्यांच्यावर केवळ देवनागरी आकार चढवलेला असतो. प्रत्येक अक्षराला संगणकात स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून स्वतःच्या १२८ जागा आहेत, पण छापखाने आणि कचेऱ्या पुढे कितीतरी वर्षे जुन्याच फाँटांवर चालल्या. अशा मजकुराला त्या विशिष्ट फाँटसाठी बनवलेला परिवर्तक, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे साधन, लागतो. दुसऱ्या फाँटचा परिवर्तक लावला तर निम्मी अक्षरे बरोबर येतात आणि ते पूर्ण चुकण्यापेक्षा वाईट असते.

दुसरा प्रकार फसवा आहे. पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर देवनागरीतच येतो, पण ऱ्हस्व इकार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकलेला असतो, रफार हरवलेला असतो आणि जोडाक्षरे फुटलेली असतात. फाइलमधला आकारांचा क्रम आणि युनिकोडचा क्रम जुळत नसल्यामुळे असे होते. अशा वेळी कॉपी करण्याचा नाद सोडून ते पान चित्र म्हणून वाचून घ्यावे. गूगल ड्राइव्हमध्ये ती फाइल चढवून डॉक्समध्ये उघडली तर मजकूर वेगळा काढून मिळतो. टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरे वाचणारे मोफत साधन वापरत असाल तर हिंदीऐवजी मराठीचे मॉडेल निवडावे, नाहीतर ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र आणि मराठी वळणाचे ल व श यांच्यावर ते अडखळते. निघालेला मजकूर मुळाशी ताडून पाहताना घ आणि ध, भ आणि म, तसेच १ आणि ९, ५ आणि ६ यांवर विशेष लक्ष ठेवावे. शब्द चुकला तर वाचताना खटकतो, पण सातबाऱ्यातला आकडा चुकला तर तो कुणालाच खटकत नाही. जमिनीचे, वारसाचे कागद अनोळखी संकेतस्थळांवरच्या परिवर्तकांत चढवू नयेत. आणि कागद मोडीतला असेल तर फोनचा कॅमेरा बाजूला ठेवून मोडी वाचणारा माणूस शोधावा, कारण मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली असली तरी हस्ताक्षरातली मोडी वाचणे हे रोजच्या ॲपचे काम नाही.

सांकेतिक भाषेच्या बाबतीत

आमच्या इमारतीत एक कर्णबधिर जोडपे राहते, आणि त्यांच्याशी बोलताना आम्ही सुरुवातीला जी चूक केली तीही दोष चुकीच्या ठिकाणी शोधण्याचीच होती. बोललेले लगेच अक्षरांत दाखवणारे ॲप आम्ही त्यांच्यापुढे धरले. अक्षरे बरोबर उमटत होती, तरी बोलणे पोचत नव्हते. आम्हाला वाटले, ॲप संथ आहे. खरी गोष्ट अशी होती की त्या दोघांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे आणि लिखित भाषा त्यांना दुसरी म्हणून शिकावी लागली. सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीचे हातांनी केलेले रूप नव्हे. तिथे प्रश्नवाचक खूण सहसा शेवटी येते, आणि भुवया, मान, चेहरा यांनाही व्याकरणात जागा असते. म्हणून अशा वेळी लहान, सरळ वाक्ये लिहावीत आणि वाक्प्रचार टाळावेत.

उलट दिशेला, म्हणजे कॅमेऱ्यापुढे केलेल्या खुणा ओळखून मराठी वाक्य देणारे भरवशाचे रोजचे साधन आज आपल्या हाती नाही. तसा दावा करणारे ॲप उतरवले असेल तर ते कोणती सांकेतिक भाषा ओळखते ते आधी पाहावे, कारण पुष्कळ नमुने अमेरिकी सांकेतिक भाषेवर बेतलेले असतात आणि त्यांची एका हाताची मुळाक्षरे आपल्याकडच्या दोन हातांच्या मुळाक्षरांशी जुळत नाहीत. एकेक शब्दाची खूण शोधायची असेल तर दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश उपयोगी पडतो; २०१८ मध्ये ३,००० शब्दांनी सुरू झालेला हा कोश २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्दांपर्यंत पोचला. मात्र तो कोश आहे, दुभाषी नव्हे.

दुभाष्याला व्हिडिओ कॉलवर घेत असाल तर वारंवार येणाऱ्या अडचणी भाषेच्या नसून चित्राच्या असतात. पार्श्वभूमी धूसर करणारी सोय बंद करावी, कारण ती हलणारे हात अर्धे पुसून टाकते. कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंतचा भाग चौकटीत येईल इतका फोन दूर ठेवावा, खिडकी पाठीमागे नव्हे तर समोर असावी, आणि नेट कमी पडत असेल तर चित्राची स्पष्टता कमी करून हालचाल अखंड राहील असे पाहावे; थोडे अस्पष्ट हात समजतात, पण अडखळत हलणारे हात समजत नाहीत.

इतके करूनही दोष राहिला आणि कुणाकडे मदत मागायची असेल तर पडद्याचे चित्र पाठवताना दोन्ही रकाने, वरची भाषांची नावे आणि नेटचे चिन्ह असे सगळे त्यात येऊ द्यावे. आत्याने गेल्या खेपेला कोल्हापुरातून तीन चित्रे पाठवली, आणि तिन्हींमध्ये तिने नीट कापून फक्त कन्नड रकाना ठेवला होता. ते कन्नड अगदी शुद्ध होते. तिने मुळात काय म्हटले होते ते विचारायला मला शेवटी फोनच करावा लागला.